दोन ‘वाचक-३’: बडोद्याच्या एका मीटर-गेटवेचा प्रकरण अभ्यास

मकरपुरा जीआयडीसीतला एक कारखाना. ३२ वीजमीटर, आरएस-४८५ च्या (एकाच तारेवर अनेक उपकरणं जोडणाऱ्या) चार लाइन, प्रत्येक लाइनवर आठ मीटर. पॅनेलमध्ये चार कोरचं एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स; हाच गेटवे. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला ‘मीटरसेवा’ नावाचा प्रोग्रॅम मॉडबसने (विनंती-उत्तराची ठरलेली भाषा) मीटर वाचतो, आकडे बोर्डावरच साठवतो आणि एमक्यूटीटीने (इंटरनेटवरून छोटे निरोप पाठवायची पद्धत) सर्व्हरला पाठवतो. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी दांडिया बाजारात बसतात, कारखान्यातले इलेक्ट्रिशियन काका पॅनेल सांभाळतात. तक्रार एका ओळीची होती: दर दोन-चार दिवसांनी पडद्यावरचे आकडे थिजतात, बोर्ड तापतं, आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला की सगळं ठीक.

(प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे, म्हणून माणसं आणि कारखाना बिननावाचे. लिनक्सचं वागणं मात्र खरं तेच दिलं आहे. थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांची, नावं प्रोग्रॅममध्ये रोमन लिपीत होती, इथे देवनागरीत लिहिली आहेत.)

आधी एक हिशेब करून ठेवू, पुढे तो कामाला येतो. ९६०० बॉडला एक बाइट जायला, स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट म्हणजे साधारण १.०४ मिलिसेकंद लागतात. २० रजिस्टर (मीटरमधले आकड्यांचे कप्पे) मागणारी विनंती ८ बाइटांची, उत्तर ४५ बाइटांचं. मधली शांतता धरून साठ-पासष्ट मिलिसेकंदांत एक मीटर वाचून होतो, वर मीटर स्वतः विचार करायला जो वेळ घेईल तो. आठ मीटरांची फेरी एका सेकंदाच्या आसपास, आणि फेरी सुरू होते दर पाच सेकंदांनी. म्हणजे मीटर वाचणारा थ्रेड बहुतेक वेळ झोपलेला असतो. लाइन खराब झाली तर तो आणखी झोपतो, कारण उत्तराची वाट पाहणं म्हणजे झोपणंच. लाइनच्या बिघाडाने टाइमआउट वाढतात, सीपीयू वाढत नाही. हे वाक्य संघातल्या कुणाला वेळेवर आठवलं असतं तर लाइन बोर्डाला जोडणारा एक कन्व्हर्टर वाचला असता.

बारा थ्रेड, नाव एकच

पहिल्या वेळी आकडे थिजले तेव्हा बोर्डावर ‘टॉप -एच’ चालवला. टॉप म्हणजे कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड; ‘एच’ दिल्यावर तो प्रोसेसऐवजी, म्हणजे अख्ख्या चालत्या प्रोग्रॅमऐवजी, एकेक थ्रेड दाखवतो. बारा ओळी आल्या, बाराही ‘मीटरसेवा’. त्यातली एक ९९ टक्क्यांवर. कोणती, ते क्रमांकावरून कळतं. पण तो क्रमांक कोणत्या कामाचा, हे सांगणारं काही नाही.

त्याआधी कुणीतरी ‘पीएस’ (चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड) चालवून सगळे थ्रेड शांत असल्याचा निर्वाळा दिला होता. पीएसचा सीपीयू-टक्का हा थ्रेड सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो. तीन दिवस चाललेला थ्रेड गेली दहा मिनिटं पिसाटला असेल तर ४,३२० मिनिटांत दहा, म्हणजे पाव टक्कासुद्धा भरत नाही. आत्ता काय चाललंय हे बघायचं तर टॉपच हवा, आणि त्याचीही पहिली फेरी सोडून दुसरी वाचावी.

नावं सारखी का, याचं कारण कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आहे. लिनक्स प्रत्येक थ्रेडला १६ बाइटांची एक पाटी देतो, ‘कॉम’ म्हणतात तिला. शेवटचा बाइट शून्याचा, वापरायला १५. थ्रेड जन्मतो तेव्हा ही पाटी जन्म देणाऱ्या थ्रेडवरून जशीच्या तशी उतरते. कुणी बदलली नाही तर सगळ्यांच्या पाटीवर प्रोग्रॅमचंच नाव राहतं. बघायची जागा: ‘/प्रॉक’ खाली प्रोसेसचा क्रमांक, त्यात ‘टास्क’, त्यात थ्रेडचा क्रमांक, त्यात ‘कॉम’ नावाची फाइल. डीबगर (चालता प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं साधन) नसलेल्या बोर्डावरही ती वाचता येते.

नावं देताना झालेल्या चुका

संघाने नावं द्यायची ठरवली ते बरोबरच. चार ‘वाचक’, एक ‘साठवण’, एक ‘पहारा’ (हा हार्डवेअर वॉचडॉगला दर पाच सेकंदांनी थोपटतो; ठरलेल्या वेळात थोपटलं नाही तर वॉचडॉग बोर्ड रीसेट करतो), स्थिती-पान दाखवणारे चार, आणि मुख्य थ्रेड. हे झाले अकरा. बारावा एमक्यूटीटीच्या लायब्ररीचा (तयार आणलेल्या कोडचा) स्वतःचा. तो यादीत कुणी धरलाच नाही, कारण तो आपण काढलेला नव्हता.

पहिला प्रयत्न फसला तो मजेशीर आहे. एकाने हौसेने नाव देवनागरीत दिलं, ‘वाचक-३’. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात. व, काना, च, क मिळून १२. आडवी रेघ १. मराठी तीन ३. बेरीज १६, मर्यादा १५. एका बाइटाने नाव हुकलं. ‘पीथ्रेड_सेटनेम_एनपी’ हे फंक्शन अशा वेळी नाव कापत नाही, ‘ईरेंज’ ही चूक परत करतं आणि जुनी पाटी तशीच ठेवतं. परतलेली किंमत कुणी तपासली नव्हती. (रोमन तीन वापरला असता तर १४ बाइटांत बसलं असतं. पण बोर्डावर लोकॅल (भाषा-लिपीची सेटिंग) नीट नसेल तर टॉपमध्ये प्रश्नचिन्हंच दिसतात, तेव्हा थ्रेडची नावं रोमन लिपीतच बरी.)

दुसऱ्याने ‘पीआरसीटीएल’ वापरलं. ते चूक दाखवत नाही, गपचूप कापतं. ‘स्थिती-पान-सेवक-१’ हे नाव रोमनमध्ये १८ अक्षरांचं. १५ वर कापल्यावर सेवकातला ‘के’ गेला, आडवी रेघ गेली आणि आकडाही गेला. चारही थ्रेड पुन्हा एकसारखे. ज्यामुळे फरक कळतो तो भाग नावाच्या सुरुवातीला हवा, किंवा नाव इतकं आखूड हवं की कापायची वेळच येऊ नये: ‘स्थिती-१’.

तिसरी चूक महागात पडली. उत्साहात मुख्य थ्रेडलाही ‘मुख्य’ नाव दिलं. लिनक्समध्ये मुख्य थ्रेडची पाटी हीच प्रोसेसची पाटी. बोर्डावर दर मिनिटाला चालणारी एक स्क्रिप्ट ‘पीग्रेप -एक्स मीटरसेवा’ असं विचारून प्रोग्रॅम जिवंत आहे का ते बघत होती. तिला आता तो सापडेना, म्हणून तिने दुसरी प्रत चालू केली. मग तिसरी. एकाच सिरियल पोर्टवर तिघं बोलू लागले, एकाचं उत्तर दुसऱ्याने उचललं, आणि सीआरसीच्या (निरोप बिघडला का ते तपासणाऱ्या आकड्याच्या) चुकांचा पाऊस पडला. उपाय दोन: मुख्य थ्रेडच्या नावाला हात लावू नये, आणि प्रोग्रॅम जिवंत आहे का ही तपासणी नावावर न चालवता सिस्टमडीसारख्या, सेवा चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेवर सोपवावी. पीग्रेपला ‘-एफ’ दिलं तर तो पूर्ण कमांड-ओळ बघतो, त्यामुळे नाव बदलल्याने फसत नाही. पण त्या ओळीत तोच शब्द असलेला एखादा उघडा एडिटरही त्याला चालतो.

हे सगळं निस्तरल्यावर नावं नीट दिसू लागली, आणि खरा घोटाळा तिथून सुरू झाला.

वाचक-३ वर संशय

पुढच्या वेळी आकडे थिजले तेव्हा टॉपमध्ये वरची ओळ अशी होती: ‘वाचक-३, ९९.७’. संघाला हायसं वाटलं. तीन नंबरची लाइन, म्हणजे कॉम्प्रेसर-शेडकडची. तिथे धूळ, तिथे हादरे. काकांना फोन गेला. त्यांनी लाइनचा कन्व्हर्टर बदलला, टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर काढून नवा लावला, शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला आहे ना ते पाहिलं. तीन दिवसांनी आकडे पुन्हा थिजले.

“काका, तीन नंबरचं सगळं बदललंत ना?”

“कन्व्हर्टर बदलला, रेझिस्टर बदलला. आता तार उपटू म्हणतोस? लाइन साफ आहे रे, मी मीटर लावून बघितलंय. आणि मला सांग, पडद्यावर चारही लाइनचे आकडे थांबलेत, मग तुझा एकट्या तीन नंबरवर राग का?”

प्रश्न बिनतोड होता. शिवाय या वेळी टॉपमध्ये वर ‘वाचक-१’ होता.

त्या यादीच्या पुढच्या ओळी कुणी वाचल्याच नव्हत्या, हे जुन्या नोंदी काढल्यावर लक्षात आलं. मागच्या वेळच्या नोंदीत ‘वाचक-३’ दोनदा होता:

२३२५ — वाचक-३ — ९९.७
२३१७ — वाचक-१ — ०.०
२३१८ — वाचक-२ — ०.०
२३१९ — वाचक-३ — ०.०
२३२० — वाचक-४ — ०.०

क्रमांक बघा. चारही वाचक ओळीने जन्मले, २३१७ ते २३२०. खरा वाचक-३ म्हणजे २३१९, आणि तो गाढ झोपलेला. २३२१ ते २३२४ स्थिती-पानाचे. २३२५ सगळ्यांत शेवटी जन्मलेला, पण वाचक-३ चं नाव लावून फिरणारा. आडनावावरून माणूस कुणाचा ते कळतं, करतो काय ते कळत नाही. लिनक्सच्या पाटीचंही तेच.

स्टॅकच्या तळाशी

आता जीडीबी (लिनक्सवरचा डीबगर) जोडायची वेळ होती. चालू बोर्डावर हे करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, बऱ्याच लिनक्स वितरणांत ‘यामा’ या सुरक्षा-मॉड्यूलची ‘पीट्रेस_स्कोप’ ही किंमत १ असते. मग रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) झाल्याशिवाय दुसऱ्या चालत्या प्रोसेसला जोडता येत नाही. दोन, जीडीबी जोडला की सगळे थ्रेड थांबतात, ‘पहारा’सुद्धा. इथे हार्डवेअर वॉचडॉग १५ सेकंदांचा होता. जीडीबी सिंबॉल (फंक्शनांची नावं) वाचत बसला आणि १५ सेकंद उलटले की बोर्ड रीसेट, पुरावा साफ. म्हणून जीडीबी बॅच पद्धतीने चालवायचा: ‘इन्फो थ्रेड्स’ आणि ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ या दोन कमांड आधीच देऊन, सगळं फाइलमध्ये ओतून लगेच सुटायचं. किती सेकंद लागतात ते टेबलावरच्या दुसऱ्या बोर्डावर आधी मोजून घ्यायचं.

त्या फाइलमध्ये प्रत्येक थ्रेडचा स्टॅक असतो, कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं त्याची उतरंड. ती हाती आल्यावर बहुतेक जण वरची ओळ वाचतात, थ्रेड आत्ता कुठे आहे ती. ओळख पटवायला तळ वाचावा. अगदी खाली ‘क्लोन’, त्याच्या वर ‘स्टार्ट_थ्रेड’, आणि त्याच्या वर ज्या फंक्शनपासून थ्रेड सुरू झाला ते. नाव उसनं असू शकतं, हे फंक्शन उसनं नसतं. संघाचे सगळे थ्रेड ‘एसटीडी::थ्रेड’ने काढलेले, म्हणून त्यांच्या तळाशी ‘एक्झिक्यूट_नेटिव्ह_थ्रेड_रूटीन’ ही सी प्लस प्लस लायब्ररीची खूण दिसत होती. पिसाटलेल्या थ्रेडच्या तळाशी ती नव्हती. तिथे एमक्यूटीटी लायब्ररीचं फंक्शन होतं, म्हणजे थ्रेड थेट ‘पीथ्रेड_क्रिएट’ने काढलेला. यादीत न धरलेला बारावा सापडला.

त्याने वाचकाचं नाव कसं घेतलं? सर्व्हरशी जोडणी मुख्य थ्रेडमध्ये उघडली जात नव्हती. ‘पहिल्यांदा लागेल तेव्हा उघडू’ असा हिशेब होता, त्यामुळे ज्या वाचकाची फेरी आधी संपे तो जोडणी उघडे, आणि लायब्ररी त्या क्षणी त्याच्याच हातून आपला थ्रेड जन्माला घाली. कधी वाचक-३ पहिला, कधी वाचक-१. प्रोग्रॅम पुन्हा चालू केला की संशयित बदलायचा तो यामुळे.

मग वाचक का थिजले? चौघांच्याही स्टॅकमध्ये वर ‘एलएलएल_लॉक_वेट’, म्हणजे लॉकच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाच्या) दारात उभे. इथे एक सावधगिरी: ‘साठवण’ही फ्युटेक्सवरच (कर्नलमधली वाट बघायची जागा) झोपलेला दिसत होता, पण त्याच्या स्टॅकमध्ये ‘पीथ्रेड_कॉन्ड_वेट’ होतं. तो काम येण्याची वाट बघत होता, निरोगी. पीएसच्या ‘डब्ल्यूचॅन’ (थ्रेड कर्नलमध्ये कुठे झोपलाय) रकान्यात दोघंही सारखेच दिसतात, तेवढ्यावरून डेडलॉक (लॉकसाठी एकमेकांत अडकणं) ठरवू नये.

लॉक कुणाकडे आहे हे विचारता येतं. ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीच्या म्यूटेक्समध्ये, म्हणजे लॉकमध्ये, धारकाचा थ्रेड-क्रमांक लिहिलेला असतो. ‘एसटीडी::म्यूटेक्स’ असेल तर जीडीबीत ‘_एम_म्यूटेक्स.__डेटा.__ओनर’ छापायचं. उत्तरात एक क्रमांक आला. तोच क्रमांक टॉपमध्ये ९९ टक्क्यांवर. इथे नावाची गरजच उरली नाही.

पुढचं वाचून काढणं सोपं होतं. इंटरनेट तुटलं की लायब्ररी ‘जोडणी तुटली’ हा कॉलबॅक, म्हणजे अशा वेळी चालवायला आपण दिलेलं फंक्शन, बोलावते, तिच्या स्वतःच्या थ्रेडवर. संघाच्या कोडने त्यात पाठवण्याच्या रांगेचं लॉक घेतलं आणि ‘जोडलं’ हा झेंडा वर जाईपर्यंत पुन्हा पुन्हा जोडायचा प्रयत्न चालवला, मध्ये एक क्षणही न थांबता. झेंडा वर करणार होता दुसरा कॉलबॅक. तोही याच थ्रेडवर चालायचा. म्हणजे थ्रेड स्वतःचीच वाट बघत गोल फिरत होता, हातात सगळ्यांचं लॉक धरून. इंटरनेट परत आलं तरी सुटका नाही. दांडिया बाजारात चाचणी करताना हे कधी दिसलं नाही, कारण तिथलं इंटरनेट चाचणीच्या दरम्यान तुटलं नव्हतं.

आणि ‘पहारा’? तो इमानेइतबारे वॉचडॉगला थोपटत राहिला. वाचक पुढे सरकतात का, हे त्याला कुणी विचारायला सांगितलंच नव्हतं.

दुरुस्ती

कॉलबॅकमधलं लॉक आणि गोल फिरणं दोन्ही काढलं. कॉलबॅक आता फक्त झेंडा खाली करतो आणि परततो. पुन्हा जोडायचं काम लायब्ररीवर सोडलं, थांबे १, २, ४ सेकंद असे दुप्पट होत ६० पर्यंत. जोडणी वाचक जन्मण्याआधीच उघडली. रांगेला ५,००० नोंदींची मर्यादा घातली: ३२ मीटर दर पाच सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ६.४ नोंदी, रांग साधारण १३ मिनिटांत भरते. त्यापुढचं साठवणीतून मागाहून जातं. ‘पहारा’ आता प्रत्येक वाचकाची शेवटची फेरी कधी झाली ते बघतो आणि ३० सेकंद उलटले तर थोपटणं बंद करतो.

लायब्ररीच्या थ्रेडला नाव देण्याची युक्ती सांगण्यासारखी आहे. लायब्ररी थ्रेडचा हँडल (त्याला बाहेरून धरायची मूठ) देत नाही. पण पाटी जन्माच्या क्षणी उतरते, तेव्हा लायब्ररी सुरू करण्याच्या ओळीआधी स्वतःचं नाव तात्पुरतं ‘जाळे’ करायचं, लायब्ररी सुरू करायची, आणि लगेच आपलं मूळ नाव परत लावायचं. हे मुख्य थ्रेडमध्ये केलं तर त्या क्षणभरात प्रोसेसचं नावही बदलतं. स्क्रिप्ट पीग्रेपवर असेल तर तिला नेमका तोच क्षण सापडू शकतो. म्हणून इथे जोडणी उघडायला एक छोटा थ्रेड काढला, तो काम करून संपतो. दुसरा मार्ग म्हणजे पहिल्या कॉलबॅकमध्ये स्वतःला नाव देणं. तोवर मात्र थ्रेड उसन्या नावाने फिरतो.

बाकी थ्रेडना नाव आतून, पहिल्याच ओळीत दिलं. बाहेरून, जन्मदात्याने दिलं तर मधल्या काळात थ्रेड जुन्या नावाने चालतो, आणि लगेच संपणारा थ्रेड असेल तर नाव द्यायला गेल्यावर तो जागेवर नसतोही. शिवाय मॅकवर ‘पीथ्रेड_सेटनेम_एनपी’ फक्त चालू थ्रेडलाच नाव देतं, दुसऱ्याला देताच येत नाही. संघातल्या एकाकडे विंडोजवर चालणारा सिम्युलेटर होता. तिथे विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ‘सेटथ्रेडडिस्क्रिप्शन’ आहे. जुनी पद्धत, ठरावीक क्रमांकाचं एक्सेप्शन फेकून नाव कळवण्याची, त्या क्षणी डीबगर जोडलेला असेल तरच उपयोगी. नंतर जोडलात तर नाव नाही.

एक भोक शेवटी बुजवलं. प्रोग्रॅम कोसळून कोर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) पडली तर तिच्यात थ्रेडनिहाय नावं नसतात. लिनक्सच्या कोर फाइलमध्ये प्रोसेसचं नाव असतं, प्रत्येक थ्रेडचा क्रमांक असतो, पाट्या नसतात. चालत्या प्रोसेसला जोडून नावं बघायची सवय लागलेला माणूस इथे गोंधळतो. म्हणून प्रोग्रॅममध्येच ६४ ओळींचा एक जागतिक तक्ता ठेवला. प्रत्येक ओळीत थ्रेडचा क्रमांक, ३२ बाइटांचं पूर्ण नाव, आणि त्याहून मोठ्या जागेत आत्ताचं काम, ‘लाइन ३ मीटर १७ रजिस्टर २०’ असं. क्रमांकासाठी ‘गेटटीआयडी’ वापरलं, ग्लिबसी २.३० पासून, म्हणजे २०१९ पासून ते सरळ मिळतं, त्याआधीच्या बोर्डावर सिस्टम कॉलने काढावं लागतं. जीडीबीत कोर फाइल उघडली की ‘एलडब्ल्यूपी’ पुढचा क्रमांक आणि तक्त्यातला क्रमांक जुळवायचा. १५ बाइटांची कटकट तिथे नाही, आणि देवनागरीही चालते.

पडताळणी अशी केली: राउटरची केबल उपटली. लगेच काहीच होत नाही, कारण टीसीपीला दुसरं टोक गेल्याचं आपोआप कळत नाही. ६० सेकंदांच्या कीप-अलाइव्हचं (‘आहेस ना?’ या निरोपाचं) उत्तर आलं नाही की मग लायब्ररी जागी होते. म्हणून केबल पाच मिनिटं बाहेर ठेवून टॉप बघत राहायचं. जुन्या प्रोग्रॅममध्ये दोनेक मिनिटांत एक ओळ ९९ वर गेली. नव्यात ‘जाळे’ शून्याच्या आसपासच राहिला, चारही वाचकांच्या फेऱ्या चालू राहिल्या, आणि केबल लावल्यावर मिनिटाभरात रांग रिकामी झाली.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक लॅमिनेट केलेला कागद आहे. त्यावर बारा नावं, आणि प्रत्येकापुढे काय बघायचं ते. ‘जाळे’पुढे काकांनी स्वतःच्या हाताने पेनने लिहिलंय: आधी राउटर, लाइनला हात लावू नका.